राल्फ बंच : अभ्यासाचे बळ

चळवळीत घोषणा देणारे पुष्कळ असतात. एका प्रश्नाचा मुळापासून अभ्यास करणारे थोडे. म्हणूनच राल्फ बंच या कृष्णवर्णीय विद्वानाचे जीवन आम्हाला मोलाचे वाटते.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जन्मलेल्या बंच यांना, आई वारल्यावर आजीने लॉस एंजेलिसमध्ये वाढविले. कॉलेजात झाडलोट करीत ते शिकले आणि १९२७ साली पदवीला अव्वल आले. १९३४ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकी विद्यापीठातून राज्यशास्त्रात हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

प्रबंधाचा विषय होता पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच राजवट. डाहोमी उघड वसाहत होती, तर टोगोलँडवर राष्ट्रसंघाची देखरेख होती. बंच स्वतः तेथे गेले. देखरेखीने तिथल्या माणसाच्या जगण्यात फारसा फरक पडला नव्हता, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९३७ साली, बाबासाहेब जिथे शिकले त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अध्ययन केले आणि दक्षिण आफ्रिका, केनिया पालथे घातले.

महायुद्धात अमेरिकी सरकारला आफ्रिका जाणणारा माणूस हवा होता. १९४१ साली बंच यांना बोलावणे आले. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील पारतंत्र्यातील प्रदेशांविषयीच्या प्रकरणांच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता. विश्वस्त प्रदेशांतील जनतेच्या तक्रारी ऐकण्याची व तेथे पाहणी पथके पाठविण्याची तरतूद त्या सनदेत आली. १९६० साली टोगो व डाहोमी दोन्ही स्वतंत्र झाले.

पॅलेस्टाईनमधील युद्धबंदीसाठी १९५० साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. पण स्वदेशात काय? १९४९ साली परराष्ट्र खात्यातील उच्चपद चालून आले, ते त्यांनी नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्यांना वेगळे ठेवले जात होते. नोबेलनंतरही, १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले.

त्यांच्यावर टीकाही झाली. १९६० साली काँगोत ते संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी होते. पंतप्रधान लुमुंबांचा विश्वास त्यांना टिकविता आला नाही. ते गोऱ्यांच्या व्यवस्थेत सामील झाले, असे तरुण कार्यकर्ते म्हणू लागले. आम्ही ही टीका झाकत नाही. पण १९६५ साली सेल्मा येथील मोर्चात हेच बंच मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले, हेही विसरता येणार नाही.

१९७१ साली त्यांचे निधन झाले. रस्त्यावरची मागणी कायद्याच्या कलमात उतरवायला अभ्यासू माणसे लागतात. अशी माणसे आम्ही घडवतो आहोत काय?