संसाराविना भरलेले घर

रमजानच्या रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्याबरोबर पती-पत्नीच्या शरीरसंबंधालाही विराम असतो. सूर्य मावळला की हा विराम संपतो. इस्लाममध्ये संयम आहे, पण संसाराचा त्याग अपेक्षित नाही. निकाह ही पैगंबरांची सुन्नत, म्हणजे त्यांनी घालून दिलेला परिपाठ मानली जाते. अशा परंपरेत आयुष्यभर अविवाहित राहिलेले एक सूफी दिल्लीकरांच्या गळ्यातले ताईत झाले. ते म्हणजे हजरत निजामुद्दीन औलिया.

त्यांचा जन्म १२३८ च्या सुमारास बदायूं येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आई बीबी जुलेखा यांनी हलाखीत मुलाला वाढवले, शिकवले. घरात दाणा नसेल त्या दिवशी त्या मुलाला सांगत, की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. ती भूक निजामुद्दीन कधी विसरले नाहीत.

विशीच्या सुमारास ते अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पाकपट्टणला, बाबा फरीद यांच्याकडे गेले. बाबा फरीद मुलाबाळांचे, संसारी गृहस्थ होते. त्यांचा हा लाडका शिष्य मात्र अविवाहित राहिला. गुरूला संसार आड आला नाही आणि शिष्याला संसाराची उणीव भासली नाही.

ब्रह्मचर्याकडे प्रत्येक धर्म आपापल्या नजरेने पाहतो. जैन साधू-साध्वी, बौद्ध भिक्खू आणि कॅथलिक धर्मगुरू ते व्रत म्हणून पाळतात. हिंदू आश्रमव्यवस्थेत ब्रह्मचर्यानंतर गृहस्थाश्रम येतो. महाराष्ट्रात समर्थ रामदास ब्रह्मचारी राहिले, तर एकनाथ आणि तुकाराम प्रपंचात राहूनच संतपदाला पोहोचले. निजामुद्दीनांनीही आपला मार्ग इतरांवर लादला नाही. त्यांचे जिवलग शिष्य अमीर खुसरो संसारी होते, तर उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग देहलवी अविवाहित.

याच नसीरुद्दीनांना एकदा रानात जाऊन एकांतात उपासना करावीशी वाटली. गुरूंनी परवानगी दिली नाही. शहरात, लोकांमध्येच राहायचे, त्यांचा जाच सोसायचा आणि बदल्यात त्यांचे भलेच करायचे, असे त्यांनी बजावले. निजामुद्दीनांच्या ब्रह्मचर्याचा अर्थ इथे उलगडतो. लग्न केले नाही म्हणून ते माणसांपासून दूर गेले नाहीत. बहिणीच्या मुलानातवंडांवर त्यांनी पोटच्या मुलांसारखी माया केली. यमुनेजवळच्या गियासपूरमधील त्यांच्या खानकाहचे, म्हणजे मठाचे, दार सर्वांसाठी उघडे होते. तिथल्या लंगरमध्ये येणाऱ्या भुकेल्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. सुलतानांच्या दरबारापासून मात्र ते कटाक्षाने दूर राहिले.

ते स्वतः जवळपास वर्षभर रोजे ठेवत. इफ्तारला थोडेसे खात. पहाटे सेवक सहरीचे ताट आणी, तेव्हा कित्येकदा घास घशाखाली उतरत नसे. सेवकाने काळजीने आग्रह केला, की मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी झोपलेल्यांच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत. ताट तसेच परत जाई.

१३२५ मध्ये अखेरची घटका जवळ आली, तेव्हा त्यांनी कोठारातले सगळे धान्य गरिबांना वाटून टाकायला आणि कोठार झाडून स्वच्छ करायला सांगितले. मागे काहीही शिल्लक ठेवायचे नव्हते.

त्यांच्या बैठकींतील बोलणे शिष्य अमीर हसन सिज्झी यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. ‘फवाइद-उल-फुवाद’ हा तो ग्रंथ. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हसनही दख्खनेत आले. वेरूळजवळच्या खुलताबादला त्यांची कबर आहे. निजामुद्दीनांचे दुसरे शिष्य बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथेच आहे. ज्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते, त्या निजामुद्दीनांचे गणगोत असे दिल्लीपासून महाराष्ट्राच्या मातीपर्यंत पसरले आहे.