वेदनेचा हिशेब

मरणासन्न रुग्णाच्या वेदनेबाबत वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ एक विचित्र काटकसर पाळली. वेदना असह्य होईपर्यंत मॉर्फिन द्यावयाचे नाही, नाहीतर व्यसन लागेल, अशी समजूत रूढ होती. ही समजूत कसोटीस लावणाऱ्यांत सिसिली सॉण्डर्स यांचे नाव अग्रगण्य होय.

१९१८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या सिसिलीबाई प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटल्यावर रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताने त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले. मरणोन्मुखांसाठी आश्रयस्थान उभारण्याची कल्पना या दोघांच्या संभाषणांतून आकारास आली होती. परंतु बाईंनी इमारतीची घाई केली नाही. आधी त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या डॉक्टर झाल्या.

पुढे लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी मोजून औषध दिले, तर वेदना आटोक्यात राहते, रुग्ण सावध असतो आणि मात्रा बेसुमार वाढवावी लागत नाही, असे त्या नोंदींतून दिसून आले.

१९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेही शुश्रूषेइतकेच संशोधनासाठी. मॉर्फिनपेक्षा डायमॉर्फिन सरस, असे त्यांचे स्वतःचे मत होते. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तेथेच १९७०च्या दशकात केलेल्या तुलनेत, तोंडावाटे घेतल्यास दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संस्थापिकेच्या मतालाही पुराव्याची परीक्षा चुकली नाही, हेच या संस्थेचे खरे वैभव. २००५ मध्ये बाईंनी तेथेच देह ठेवला.

आपल्याकडे मुंबईत १९८६ मध्ये असे पहिले केंद्र निघाले. मात्र १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे कुंपण घातले होते; ते सैल करणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या या देशात आजही असंख्य रुग्णांना हे स्वस्त औषध मिळत नाही. येथे उणीव द्रव्याची नाही, ज्ञानाचीही नाही. सिद्ध झालेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याच्या इच्छेची आहे. या दिरंगाईची किंमत मात्र ज्याला तक्रार करण्याचेही त्राण उरलेले नाही, तो मोजतो.