विश्लेषण : दूरच्या संगणकाकडून काम करून घेण्याची सुरुवात कशी झाली? जॉर्ज स्टिबिट्झ कोण होते?

भिवंडीत मानकोलीपासून पडघ्यापर्यंत कोणत्याही मोठ्या गोदामात गेलात, तर एक आवाज दिवसभर कानावर पडतो. कामगार खोक्यावरच्या बारकोडसमोर स्कॅनर धरतो, 'बीप' होते आणि पडद्यावर उत्तर येते : हे खोके अमुक रॅकवर ठेवा. हे उत्तर स्कॅनरने शोधलेले नसते. त्याने फक्त प्रश्न पाठवलेला असतो. हिशेब होतो दुसऱ्याच शहरातल्या संगणकावर आणि स्कॅनर ते उत्तर दाखवतो. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये देतानाही हेच घडते.

एका संगणकाने दुसऱ्या संगणकावरचे काम आपल्याच घरचे असल्यासारखे चालवायचे, या पद्धतीला 'रिमोट प्रोसिजर कॉल' किंवा 'आरपीसी' म्हणतात. हे नाव १९८० च्या दशकात रूढ झाले. पण दूरच्या यंत्राला आकडे पाठवून उत्तर मागवण्याचा पहिला जाहीर प्रयोग झाला तो ११ सप्टेंबर १९४० रोजी. तो करणारे गणितज्ञ होते जॉर्ज स्टिबिट्झ.

जॉर्ज स्टिबिट्झ कोण होते?

स्टिबिट्झ यांचा जन्म ३० एप्रिल १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क या गावी झाला. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक, आई गणिताची शिक्षिका. बालपण ओहायो राज्यातल्या डेटन शहरात गेले. १९२६ मध्ये डेनिसन विद्यापीठातून पदवी, पुढच्याच वर्षी युनियन कॉलेजमधून पदव्युत्तर पदवी आणि १९३० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून गणितीय भौतिकशास्त्रात पीएचडी असे त्यांचे शिक्षण झाले.

त्याच वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. अमेरिकेच्या टेलिफोन व्यवस्थेचे संशोधन या संस्थेत चालत असे. स्टिबिट्झ यांचे काम गणिताचे होते. मात्र आजूबाजूला सगळीकडे एक साधी वस्तू होती आणि तिनेच पुढे त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ती वस्तू म्हणजे रिले.

रिले म्हणजे विजेवर चालणारे बटण. आत छोटे विद्युतचुंबक असते. वीज आली की पट्टी ओढली जाते आणि परिपथ जोडला जातो. वीज गेली की सुटतो. त्या काळातली टेलिफोन एक्स्चेंज अशा हजारो रिलेंच्या टकटकीवर चालत.

स्वयंपाकघरात काय घडले?

नोव्हेंबर १९३७ मध्ये स्टिबिट्झ यांनी काही जुने रिले घरी नेले. रिलेच्या दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. द्विमान पद्धतीतही दोनच अंक असतात, १ आणि ०. म्हणजे रिलेंना बेरीज करता यायला हवी, असा त्यांचा तर्क होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एका फळीवर दोन रिले बसवले. तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्यांची बटणे केली. उत्तर दाखवायला टॉर्चचे दोन छोटे दिवे आणि विजेसाठी बॅटरी लावली. एक पट्टी दाबली की एक दिवा लागे. दोन्ही दाबल्या की पहिला विझून दुसरा लागे, म्हणजे १ अधिक १ बरोबर द्विमान १०. हातचा घेण्याचे काम यंत्राने केले होते.

पत्नी डोरोथिया यांनी या खेळण्याला 'मॉडेल के' असे नाव दिले. 'के' म्हणजे किचन.

बेल लॅब्जला असे यंत्र कशाला हवे होते?

सहकाऱ्यांना सुरुवातीला ही गंमतच वाटली. पण संस्थेपुढे एक खरी अडचण होती. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांसाठी लागणारे फिल्टर आणि अॅम्प्लिफायर तयार करताना कॉम्प्लेक्स नंबर, म्हणजे संमिश्र संख्यांची गणिते करावी लागत. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना ती आजही डोकेदुखी वाटतात, कारण प्रत्येक संख्येचे दोन भाग असतात. अशा दोन संख्यांच्या एका गुणाकारासाठी चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी करावी लागते.

हे काम माणसेच करत, प्रामुख्याने स्त्रिया. टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर दिवसभर आकडे फिरवणाऱ्या या कर्मचाऱ्यांच्या पदाचेच नाव 'कॉम्प्युटर' होते. पुढे यंत्र आले आणि ते नाव यंत्राला मिळाले. आज त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे कुणाला सांगता येणार नाहीत.

स्टिबिट्झ यांचे वरिष्ठ थॉर्नटन फ्राय यांनी रिले हे काम करतील का, अशी विचारणा केली. स्टिबिट्झ यांनी आराखडा केला आणि टेलिफोन स्विचिंगचे जाणकार सॅम्युअल विल्यम्स यांनी यंत्र उभे केले. 'कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर' १९३९ मध्ये तयार झाले आणि जानेवारी १९४० पासून रोजच्या वापरात आले. त्यात साडेचारशेच्या आसपास रिले होते.

त्यातली एक युक्ती आजही शिकवली जाते. स्टिबिट्झ यांनी प्रत्येक अंकात ३ मिळवून तो यंत्रात साठवला. ५ अधिक ५ करताना यंत्राच्या आत ८ अधिक ८ होतात, बेरीज १६ येते आणि चार रिलेंच्या गटातून हातचा आपोआप बाहेर पडतो. या पद्धतीला 'एक्सेस-थ्री' किंवा 'स्टिबिट्झ कोड' म्हणतात.

यात 'दूरचे' काय होते?

यंत्र मोठे आणि महागडे होते. ते प्रत्येक विभागात बसवणे शक्य नव्हते. त्यामुळे यंत्र एका खोलीत ठेवले आणि इमारतीतल्या वेगवेगळ्या ठिकाणी टेलिटाइपची तीन केंद्रे ठेवली. टेलिटाइप म्हणजे तारेने जोडलेला टंकलेखक. इथे टाइप केले की अक्षरे विजेच्या स्पंदांच्या रूपात तिकडे पोहोचतात.

कर्मचारी आपल्या जागेवरून गणित टाइप करी आणि उत्तर त्याच कागदावर छापून येई. एका वेळी एकाच केंद्राचे काम होई. दुसऱ्याला थांबावे लागे. यंत्र प्रत्यक्ष पाहण्याची गरज कुणालाच नव्हती.

खोली दूर असली तरी चालते, तर मग शहर दूर असले म्हणून काय बिघडते? पुढचा प्रयोग याच प्रश्नातून आला.

११ सप्टेंबर १९४० रोजी काय झाले?

अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर येथे डार्टमथ कॉलेजमध्ये होती. स्टिबिट्झ यांना आपल्या यंत्रावर निबंध वाचायचा होता. रिलेंच्या त्या चौकटी तिथे नेणे अवघड होते. म्हणून यंत्र न्यूयॉर्कमध्येच राहिले आणि हॅनोव्हरला फक्त एक टेलिटाइप नेण्यात आला. दोन्हींना टेलिफोन कंपनीच्या तारेने जोडले.

या दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. म्हणजे साधारण भिवंडी ते सोलापूर इतके.

निबंध संपल्यावर गणितज्ञांना स्वतः गणिते घालू देण्यात आली. इकडे आकडे टाइप झाले, तिकडे न्यूयॉर्कमध्ये रिले टकटकले आणि सुमारे मिनिटभरात उत्तर हॅनोव्हरच्या कागदावर छापले गेले. प्रेक्षकांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉक्ली होते. वीनर यांनी पुढे 'सायबरनेटिक्स' या शाखेचा पाया घातला, तर मॉक्ली 'एनियाक' या प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या दोन प्रमुख निर्मात्यांपैकी एक झाले.

मग हे आरपीसी होते का?

काटेकोर अर्थाने नाही. एका टोकाला माणूस होता आणि यंत्राला ठरलेली मोजकीच कामे येत होती. तरीही आजच्या आरपीसीचा सांगाडा त्यात दिसतो.

पहिली पायरी : कोणते काम हवे आणि कोणत्या आकड्यांवर, ते सांगणे. दुसरी : ते तारेतून जाईल अशा ठरावीक संकेतात बदलणे. टेलिटाइपमध्ये प्रत्येक अक्षर पाच स्पंदांचे असे. तिसरी : पलीकडे संकेत उलगडून काम करणे. चौथी : उत्तर त्याच वाटेने परत आणणे.

१९८१ मध्ये ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रबंधात 'रिमोट प्रोसिजर कॉल' या कल्पनेची नीट मांडणी केली. १९८४ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू बिरेल यांनी झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात ती कशी राबवली, याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे 'स्टब'. हा छोटा प्रोग्राम दोन्ही टोकांना बसतो आणि टेलिटाइपसारखे काम करतो : बांधाबांध, पाठवणी, सोडवणूक. प्रोग्राम लिहिणाऱ्याला काम जणू आपल्याच संगणकावर झाल्यासारखे वाटते.

भारतीयांना अशा जाळ्याची ओळख झाली ती रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच आरक्षण केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. त्यानंतर मुंबईच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राच्या संगणकातली जागा आरक्षित करता येऊ लागली.

उत्तर आलेच नाही तर?

ही दूरच्या कामाची सर्वात अवघड बाजू आहे. आपल्याच संगणकावरचे काम एक तर होते किंवा होत नाही. दूरच्या कामात तिसरी शक्यता असते : काम झाले, पण उत्तर वाटेत हरवले. पाठवणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. समोर फक्त शांतता.

यूपीआयवर 'पेंडिंग' दिसते तेव्हा आपण नेमके याच ठिकाणी उभे असतो. पैसे गेले की नाही? पुन्हा पाठवावेत, तर दोनदा जाण्याची भीती. न पाठवावेत, तर दुकानदार थांबलेला. दिवसाच्या मजुरीतून सूत, रेशन किंवा भाडे भागवणाऱ्यासाठी हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. त्यावर इंजिनीअर एक उपाय वापरतात. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर पलीकडच्या संगणकाने काम पुन्हा न करता आधीचेच उत्तर द्यायचे. आपण मात्र नव्याने पैसे पाठवले, तर क्रमांक नवा होतो आणि हे संरक्षण राहत नाही. म्हणून 'पेंडिंग' असताना घाई न करता आधीच्या व्यवहाराची स्थिती तपासावी.

स्टिबिट्झ यांच्या पुढच्या यंत्रांतही अशीच सावधगिरी होती. युद्धकाळातल्या काही यंत्रांत प्रत्येक अंकासाठी सात रिले असत आणि त्यातले नेमके दोनच चालू असणे अपेक्षित असे. एक किंवा तीन चालू दिसले की यंत्र थांबे. सूत तुटल्यावर लूम आपोआप थांबते, तसेच हे. खराब ताका विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे.

इतके होऊनही त्यांचे नाव मागे का पडले?

पहिल्या यंत्राला सुमारे २० हजार डॉलर खर्च आला होता. त्या काळात ही रक्कम मोठी होती. यंत्र चांगले चालत असूनही संस्थेने लगेच पुढचे यंत्र हाती घेतले नाही. मग दुसरे महायुद्ध आले आणि विमानविरोधी तोफांच्या गणितांसाठी पैसा उपलब्ध झाला. स्टिबिट्झ राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीच्या कामात गेले. १९४२ मध्ये अशा उपकरणांसाठी 'पल्स'ऐवजी 'डिजिटल' हा शब्द वापरावा, असे त्यांनीच सुचवले. आज हा शब्द सरकारी योजनांपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे आहे.

रिलेंच्या या मालिकेतले 'मॉडेल फाइव्ह' सुमारे ९ हजार रिलेंचे होते. पण तोवर काळ बदलला होता. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे एनियाक कितीतरी वेगवान होते. रिले भरवशाचे, पण संथ. शर्यत वेगाची ठरली आणि रिले मागे पडले. जर्मनीत कोनराड झुसे यांनीही याच काळात स्वतंत्रपणे रिलेंचे संगणक बनवले होते. १९६५ मध्ये या दोघांना मिळून हॅरी गुड पुरस्कार देण्यात आला.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९४५ मध्ये स्टिबिट्झ यांनी बेल लॅब्ज सोडली आणि व्हर्मॉन्ट राज्यात राहून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम केले. १९६४ मध्ये ते हॅनोव्हरला परतले, त्याच डार्टमथमध्ये. या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात. फुप्फुसांतला ऑक्सिजन आणि केशवाहिन्यांतून पसरणारी औषधे यांचे गणित ते संगणकावर मांडू लागले.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याच परिसरात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी एका संगणकाला अनेक टेलिटाइप जोडले आणि विद्यार्थ्यांसाठी बेसिक ही भाषा आणली. १९४० मध्ये एका टेलिटाइपने झालेला प्रयोग २४ वर्षांनी विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापराचा झाला. उतारवयात स्टिबिट्झ घरच्या अमिगा संगणकावर चित्रे काढत.

३१ जानेवारी १९९५ रोजी हॅनोव्हरमध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. पुढच्या वेळी स्कॅनर 'बीप' करून क्षणभर थांबला, तर त्या थांबण्यात काय चालले आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. प्रश्न दुसऱ्या शहरात पोहोचला आहे आणि उत्तर वाटेत आहे.