लोकनायक बापूजी अणे

मागल्या महिन्यात आमच्या वर्गात वादविवाद झाला. विषय होता, वेगळा विदर्भ हवा की नको. मी 'हवा' या बाजूने बोललो आणि माझा जिवलग मित्र 'नको' या बाजूने. त्याचे मुद्दे पक्के होते, माझे लवकरच सरले. तेव्हा मी रागाने म्हणून गेलो की तू इकडचा नाहीसच, तुला काय कळते! त्याचे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले आहेत. सारा वर्ग हसला. तो मात्र गुपचूप खाली बसला आणि माझ्याशी बोलेनासा झाला.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून बापूजी अणे यांचे चरित्र काढून दिले आणि वाचून भित्तिपत्रकासाठी लिही म्हणाले. म्हणून हे लिहीत आहे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले. आधी अमरावतीला शिक्षक, मग यवतमाळला वकील झाले. लोकमान्य टिळकांना ते गुरू मानत. लोक त्यांना प्रेमाने बापूजी म्हणत.

त्या काळी पुढाऱ्यांत मोठे वाद होते. कायदेमंडळात जाऊन सरकारशी भांडावे की त्यावर बहिष्कार घालावा? १९२० साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींचा असहकाराचा ठराव पक्का झाला. पण बापूजींचे मत कायदेमंडळात जाऊन भांडावे असेच होते. मत वेगळे म्हणून ते घरी बसले काय? नाही. १९३० साली पुसदला त्यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले.

१९३२ साली इंग्रज सरकारने धर्म व जाती पाहून कायदेमंडळाच्या जागा वाटून दिल्या. काँग्रेसने हा निवाडा मान्यही केला नाही व नाकारलाही नाही. असे मधेच राहणे बापूजींना पटेना. १९३४ साली त्यांनी पंडित मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला.

१९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुष्कळांना हे आवडले नाही. पण १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी कैदेत एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला, तरी सरकार त्यांना सोडेना. तेव्हा बापूजींनी त्या मोठ्या पदाचा राजीनामा दिला. ज्यांच्याशी इतके मतभेद, त्यांच्यासाठीच खुर्ची सोडली!

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. पुढे आमचाच विषय आला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण ती मान्य झाली नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचा राजधानीचा मान गेला. एका भाषेचे एकच राज्य असावे असे पुष्कळांचे म्हणणे होते. बापूजींना वाटे की विदर्भाने आपला कारभार आपणच पाहावा. १९५९ च्या पोटनिवडणुकीत व पुन्हा १९६२ साली ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. तरीही विदर्भ राज्य झाले नाही. २६ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले.

चरित्रातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. वेगळ्या विदर्भासाठी झटणाऱ्या बापूजींनी संस्कृतात एक प्रचंड काव्य लिहिले, 'श्रीतिलकयशोऽर्णव'. त्यात हजारो श्लोक आहेत. १९७३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते काव्य कोणावर? रत्नागिरीत जन्मलेल्या, पुण्यात राहिलेल्या टिळकांवर! म्हणजे राज्य वेगळे मागायचे तर तिकडच्या माणसाला परके मानावेच लागते, असे काही नाही. हे मला आधी उमजलेच नव्हते.

वेगळा विदर्भ हवा, असे मला अजूनही वाटते. त्यासाठी पुढच्या वेळी मी चांगले मुद्दे शोधून आणीन. पण मित्राला जे बोललो ते चुकलेच. वर्गासमोर बोललो होतो, म्हणून सर्वांना दिसेल अशा या भिंतीवरच त्याची माफी मागतो. तो इकडचाच आहे.

बापूजींना माझे विनम्र अभिवादन.