वाळवंटातील बंधू : संत शार्ल द फुको

सैनिक, साहसी प्रवासी आणि एकांतवासी धर्मगुरू अशी तीन आयुष्ये एकाच जन्मात जगलेल्या शार्ल द फुको यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झाला. सहाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. तारुण्यात श्रद्धाही मावळली. बेशिस्त वर्तनामुळे लष्करी सेवेतून त्यांना दूर करण्यात आले. परंतु १८८१ साली अल्जेरियात बंड उसळताच ते आपल्या सहकाऱ्यांत परतले व धैर्याने लढले.

१८८३-८४ मध्ये यहुदी धर्मगुरूच्या वेशात त्यांनी युरोपीयांना जवळजवळ बंद असलेला मोरोक्को पालथा घातला. तेथील मुस्लिमांची प्रार्थनानिष्ठा पाहून त्यांच्या अंतःकरणात देवाचा शोध जागा झाला. ऑक्टोबर १८८६ मध्ये पॅरिस येथे पापनिवेदन करून ते प्रभूकडे परतले.

१९०१ साली गुरुदीक्षा घेऊन ते सहारात गेले. १९०५ पासून तामानरासेत येथे तुआरेग लोकांत राहून त्यांनी त्यांच्या भाषेचा शब्दकोश रचला. १९०८ च्या प्रारंभी ते मरणासन्न झाले, तेव्हा ऐन दुष्काळात त्याच गरिबांनी शेळीचे दूध मिळवून त्यांना जगविले. सेवा करण्यास आलेल्याने सेवा स्वीकारली आणि तो त्यांचा बंधू झाला.

१ डिसेंबर १९१६ रोजी सशस्त्र टोळीच्या हातून त्यांना मृत्यू आला. तोवर एकही सहकारी त्यांच्यापाशी टिकला नव्हता. तरीही पुढे त्यांच्या प्रेरणेतून ‘येशूचे लहान बंधू’ व ‘येशूच्या लहान भगिनी’ हे संघ उभे राहिले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी भारताचे देवसहायम यांच्यासमवेत त्यांना संतपद बहाल केले. गव्हाचा दाणा मातीत पडला, तो असा फळास आला.