स्वर्गपक्ष्यांचा सोबती : आल्फ्रेड रसेल वॉलेस

इ. स. १८६२ च्या आरंभीं सिंगापुराहून विलायतेस निघालेला एक उंच, दाढीवाला इंग्रज वाटेंत मुंबईस एक आठवडा उतरला होता. सुवेझचा कालवा तेव्हां झालेला नव्हता व हा प्रवास फार दगदगीचा होता. ह्या गृहस्थानें मुंबईच्या बाजारांत मुख्य खरेदी केली ती केळ्यांची. आणि तीं केळीं त्याला स्वतःला खावयाचीं नव्हतीं. त्याच्या सोबतीस न्यू गिनीकडील दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. सिंगापुरास शंभर पौंड मोजून त्यानें ते विकत घेतले होते, आणि आपण उपाशी राहिलों तरी चालेल, पण हे दोघे लंडनास जिवंत पोहोंचले पाहिजेत असा त्याचा निश्चय होता. डार्विनचें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकलेलें असतें. त्याच वेळीं तोच विचार स्वतंत्रपणें शोधून काढणाऱ्या ह्या आल्फ्रेड वॉलेसची मात्र त्यांना ओळख नसते, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

त्याचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्समधील अस्क गांवाजवळ झाला. घरची स्थिति खालावल्यामुळें चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली. पुढें थोरल्या भावाच्या हाताखालीं तो जमिनीची मोजणी करूं लागला व ह्या उघड्या रानांतील कामांत त्याला झाडाझुडपांची गोडी लागली. १८४४ सालीं तो लेस्टर शहरांत शिक्षक झाला. आमच्या ह्या धंद्यांत तो फार दिवस टिकला नाहीं. परंतु त्या गांवीं त्याला हेन्री बेट्स हा भुंगे गोळा करणारा मित्र मिळाला, आणि पुढील सर्व आयुष्य त्या ओळखींतून निघालें.

१८४८ च्या मे महिन्यांत हे दोघे ब्राझील देशांतील पारा बंदरीं उतरले. गांठीं पैसा नव्हता. पक्षी, फुलपाखरें व किडे मारून, त्यांचे नमुने लंडनच्या दलालाकडे पाठवावयाचे व येईल त्या पैशांत पोट भरावयाचें, असा त्यांचा बेत होता. म्हणजे बंदूक व टांचणी हींच वॉलेसच्या उपजीविकेचीं साधनें होतीं, ही गोष्ट वाचकांनीं पुढील हकीकत वाचतांना विसरूं नये. चार वर्षें तो ॲमेझॉन व रियो नेग्रो ह्या नद्यांच्या कांठीं हिंडला. एकदां रानांतील पाऊलवाटेनें चालला असतां पुढें एक काळें जनावर वाट ओलांडतांना दिसलें. प्रथम तें काय आहे हें कळलेंच नाहीं. मग ध्यानांत आलें कीं, हा काळा जग्वार, म्हणजे त्या खंडांतील वाघच आहे. त्यानें बंदूक उचलली, परंतु तींत पांखरें मारण्याचे बारीक छरे होते. जनावरानें क्षणभर उभें राहून त्याच्याकडे पाहिलें व तें आपल्या वाटेनें निघून गेलें. त्या क्षणीं भीतीपेक्षां कौतुकच अधिक वाटलें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

ह्याच प्रवासांत मदतीला आलेला त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ सालीं पारा येथें पीतज्वरानें वारला. पुढच्या वर्षीं वॉलेस स्वतः आजारी होऊन हेलन नांवाच्या जहाजानें परत निघाला. बरोबर त्याचा मोठा संग्रह, टिपणवह्या आणि कांहीं जिवंत माकडें व पोपट होते. ६ ऑगस्ट १८५२ रोजीं भर समुद्रांत जहाजाला आग लागली. एका लहानशा पेटींत मासे व ताडवृक्ष ह्यांचीं कांहीं चित्रें कोंबून तो होडींत उतरला. दोरावरून घसरतांना त्याच्या हातांचीं सालटें निघालीं. माकडें व पोपट जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर जाऊन बसले होते. होडी जवळ नेऊन त्यांना बोलावून पाहिलें, पण तीं भ्यालेलीं मुकीं जनावरें उलट ज्वाळांकडेच धांवलीं. पाण्यांत पडलेला एक पोपट तेवढा वांचला. दहा दिवस उघड्या होडींत काढल्यावर एका जहाजानें त्यांना उचललें. पुन्हां समुद्रावर पाऊल ठेवणार नाहीं, अशी शपथ त्यानें ह्या प्रवासांत अनेकदां घेतली. ती दोन वर्षेंहि टिकली नाहीं.

१८५४ च्या एप्रिलांत तो सिंगापुरास पोहोंचला. पुढील आठ वर्षांत मलाया द्वीपसमूहांत त्यानें सुमारें चौदा हजार मैल प्रवास केला व १,२५,६६० नमुने गोळा केले. पैकीं पुष्कळ काम सारावाकमधील अली नांवाच्या मलायी मुलानें केलें. स्वयंपाकासाठीं ठेविलेला हा मुलगा पुढें त्याचा उजवा हात झाला.

१८५५ सालीं बोर्निओंतील सिमुंजान येथें वॉलेसनें ओरांग-उटान जातीची एक मादी मारली. ती पडली तेव्हां तिचें फूटभर लांबीचें पिलूं चिखलांत तोंड खुपसून पडलेलें सांपडलें. घरीं आणतांना त्यानें वॉलेसची दाढी दोन्ही हातांनीं अशी घट्ट धरली कीं ती सोडवितां सोडवेना. दूध कोठें मिळेना, म्हणून त्यानें बाटलीच्या तोंडाला पिसाची नळी लावून त्याला भाताची पेज पाजली. पेटीचा पाळणा केला, रोज न्हाऊं घातलें, खेळायला एक लहान माकड आणून दिलें. धरायला आईची लोकर नाहीं म्हणून पिलूं कासावीस होई. तेव्हां म्हशीच्या कातड्याची गुंडाळी करून एक खोटी आई केली. परंतु केस तोंडांत जाऊन तें गुदमरूं लागलें व ती आईहि मोडावी लागली. सुमारें तीन महिन्यांनीं तापानें तें मेलें. मग वॉलेसनें त्याची कातडी व सांगाडा संग्रहासाठीं जपून ठेविला. आई ज्यानें मारली त्यानेंच रात्रंदिवस दाईपण करावें, आणि शेवटीं सांगाडा पेटींत ठेवावा! हा भाग वाचतांना आम्हांला त्याचा राग आला आणि त्याची कींवहि आली. आजहि ह्या दोहोंपैकीं कोणती भावना खरी धरावी हें आम्हांस ठरवितां आलेलें नाहीं.

अंबोन बेटांतील गोष्ट मात्र आमच्या वर्गांत नेहमीं हंशा पिकविते. तेथें एका झोंपडींत निजला असतां त्याला छपरांत सळसळ ऐकूं आली. दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर पुस्तक घेऊन पडला, तों आढ्याशीं कांहीं पिवळेंकाळें दिसलें. कोणीं कासवाची पाठ ठेवली असेल म्हणून निरखून पाहतो तों तो वेटोळें घालून बसलेला अजगर! आदली सारी रात्र स्वारी त्याच्याखालींच घोरत होती. घरांतले सगळे बाहेर पळाले. शेवटीं बुरू बेटाच्या एका मनुष्यानें वेताचा फांस टाकून त्याला खालीं ओढलें. तो सुमारें बारा फूट लांब भरला.

बाली आणि लोंबोक हीं बेटें समोरासमोर असून दोहोंकडील पांखरें इतकीं निराळीं कां, ह्या प्रश्नावरून त्यानें आशिया व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या प्राण्यांमधील सीमा शोधून काढली. तिला आज वॉलेसची रेषा म्हणतात. १८५८ च्या फेब्रुवारींत हिंवतापानें आजारी असतां त्याला जीवजातींच्या उत्क्रांतीचें कारण सुचलें, व तो निबंध त्यानें डार्विनकडे पाठविला. १ जुलै १८५८ रोजीं दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटींत एकत्र वाचले गेले. मान कोणाला अधिक मिळाला ह्याचा वाद पुढें पुष्कळांनीं घातला. वॉलेसनें मात्र कधीं घातला नाहीं.

आम्हांला ह्या सर्वांहून मोलाची वाटते ती १८५७ सालची अरू बेटांतील घटना. पूर्वीं युरोपांत स्वर्गपक्ष्यांचीं केवळ वाळलेलीं कातडीं येत, आणि विकणारे लोक पाय कापून टाकीत. म्हणून हा पक्षी बिनपायांचा असून आकाशांतच राहतो अशी समजूत होती. अरू बेटांत वॉलेसच्या हातीं ह्या कुळांतील एक लहानसा पक्षी आला. अंग लालभडक, पोट पांढरें, आणि शेपटींतून निघालेल्या दोन तारांच्या टोकांस हिरवीं वर्तुळें. आनंदांत असतांनाच त्याच्या मनांत विचार आला कीं, किती पिढ्या हीं पांखरें ह्या अंधाऱ्या रानांत कोणीं न पाहतां जगलीं व मेलीं. सुधारलेला मनुष्य येथें आला तर तो त्यांचें सौंदर्य पाहील खरा, परंतु त्याच्या येण्यानेंच रानाचा मेळ बिघडून तीं नाहींशीं होतील. तेव्हां सर्व जीव मनुष्यासाठींच निर्माण झाले आहेत, ही समजूत टिकत नाहीं. हा विचार करणाऱ्याच्या हातांत मेलेला पक्षी होता, आणि बंदूक त्यानें ह्यानंतरहि टाकली नाहीं. तरी ज्याचें पोट त्या बंदुकीवर होतें त्यानेंच हें लिहावें, ह्यास आम्ही मोठा प्रामाणिकपणा समजतों.

आतां त्या मुंबईच्या केळ्यांकडे वळूं. स्वर्गपक्ष्यांना भात व केळीं चालत, परंतु झुरळें त्यांना विशेष प्रिय. डाकेच्या आगबोटी इतक्या स्वच्छ कीं झुरळ मिळण्याची पंचाईत! एवढा मोठा शास्त्रज्ञ कोठारांत सांपळे लावी, आणि रोज रात्रीं तासभर खलाशांच्या खोलींत झुरळें शोधीत फिरे. इतकें करून हातीं येत तीं कांहीं डझन. माल्टा बेटांत पंधरा दिवस मुक्काम झाला तेव्हां एका पाववाल्याच्या भट्टींत झुरळांची खाणच लागली, व बिस्किटांचे कित्येक डबे भरून घेऊन स्वारी पुढें निघाली. दोन्ही पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सुखरूप पोहोंचले. विलायतेंत जिवंत आलेले हे पहिलेच स्वर्गपक्षी. एक तेथें वर्षभर व दुसरा दोन वर्षें जगला, आणि आपला पिसारा फुलवून ते लोकांना दाखवीत.

वॉलेसचा मलाया प्रवासाचा प्रसिद्ध ग्रंथ १८६९ सालीं निघाला व तो त्यानें डार्विनला अर्पण केला. त्याला पैशाची चणचण नेहमींच असे. १८८१ मध्यें डार्विनच्या खटपटीनें सरकारांतून सालीना दोनशें पौंडांचें वेतन मिळूं लागलें. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं नव्वद वर्षांचा होऊन तो वारला.

अलीला त्यानें १८६२ सालीं सिंगापुरास निरोप दिला होता. त्या वेळीं त्याला पैसे, बंदुका व बरेंच सामान दिलें, आणि त्याचें एक छायाचित्रहि काढविलें. पुढें १९०७ सालीं एक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तर्नाते बेटांत फिरत असतां रस्त्यांत एक सुरकुतलेला म्हातारा त्याच्यापुढें येऊन उभा राहिला आणि आपण अली वॉलेस, असें त्यानें सांगितलें. धन्याचें नांव त्यानें आपल्या नांवापुढें लाविलें होतें. त्या अमेरिकनानें त्याचें छायाचित्र घेऊन इंग्लंडांत वॉलेसकडे पाठविलें, आणि चौऱ्यायशीं वर्षांच्या आसपास पोहोंचलेल्या वॉलेसचें त्यावर जुन्या आठवणींनीं भरलेलें उत्तर आलें.