तीन मतांचा खासदार

लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून १८९२ साली लिबरल पक्षाचे दादाभाई नौरोजी विजयी झाले, तेव्हा त्यांचे मताधिक्य आधी पाच आणि फेरमोजणीनंतर अवघे तीन भरले. एवढ्या निसटत्या आधारावर कॉमन्स सभागृहात गेलेल्या या गणिताच्या माजी प्राध्यापकाने साम्राज्याच्या जमाखर्चालाच हात घातला.

१८२५ साली गरीब पारशी कुटुंबात जन्मलेल्या दादाभाईंचे पितृछत्र चौथ्या वर्षी हरपले. आई माणेकबाई यांनी त्यांना वाढविले. शिक्षण मोफत मिळाले म्हणूनच ते पुरे होऊ शकले. हे ऋण त्यांनी अध्यापनातून फेडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होणारे ते पहिले भारतीय. १८४९ मध्ये मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा निघाल्या, त्यामागील तरुण शिक्षकांत ते अग्रभागी होते. १८५५ साली व्यापारी पेढीच्या कामासाठी त्यांनी लंडन गाठले. तेथेही युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापक झाले.

राजकारणात त्यांनी शिक्षकाचीच पद्धत वापरली. सरकारी अहवालांतील आकडे घ्यायचे, हिशेब मांडायचा आणि उत्तर सरकारपुढे ठेवायचे. १८७६ च्या निबंधात त्यांनी भारतीयाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये काढले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही याहून अधिक होता. संपत्तीच्या या ओहोटीचे एक मोठे कारण त्यांना प्रशासनात दिसले. वरिष्ठ जागा इंग्रजांकडे, त्यांचे वेतन भारताच्या तिजोरीतून आणि बचत व निवृत्तिवेतन मात्र इंग्लंडात. त्यामुळे सनदी सेवेतील प्रवेश हा त्यांच्या लेखी सुशिक्षितांच्या नोकऱ्यांपुरता प्रश्न नव्हता. तो देशाच्या दारिद्र्याशी जोडलेला होता.

ही परीक्षा केवळ लंडनमध्येच होई. समुद्रप्रवासाचा खर्च आणि परक्या देशातील वास्तव्य हीच पहिली चाळणी होती. त्यातच लॉर्ड सॉल्सबरी भारतमंत्री असताना कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. याच सॉल्सबरींनी पंतप्रधान या नात्याने १८८८ मध्ये दादाभाईंच्या वर्णाचा जाहीर उपमर्द केला. त्याआधी १८८६ मध्ये होबर्नमधून दादाभाई पराभूत झाले होते. या उद्गारांनी मात्र त्यांचे नाव इंग्लंडभर पोहोचले.

२ जून १८९३ रोजी सनदी परीक्षा इंग्लंड व भारतात एकाच वेळी घेण्याचा ठराव कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. मांडणारे हर्बर्ट पॉल होते, त्यामागील ध्यास दादाभाईंचा होता. पण ठराव आणि अंमलबजावणी यांतील अंतर तेव्हाही मोठेच होते. प्रस्ताव अभिप्रायासाठी भारतात आला, मद्रास वगळता साऱ्या प्रांतिक सरकारांनी विरोध नोंदविला आणि विषय बासनात गेला. संसदेच्या बहुमताला नोकरशाहीने शांतपणे निष्प्रभ केले.

१८९५ साली दादाभाईंची जागा गेली. त्याच वर्षी नेमलेल्या वेल्बी आयोगाचे मात्र ते सदस्य होते. १८९७ मध्ये याच आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. १९०६ मध्ये नॉर्थ लॅम्बेथमधून दादाभाई पुन्हा उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याच वर्षअखेरीस कलकत्ता काँग्रेसमध्ये टिळकांचे नाव पुढे येताच नेमस्तांनी ८१ वर्षांच्या दादाभाईंना पाचारण केले. नेमस्तांनी ज्यांना ढाल म्हणून आणले, त्यांनीच अध्यक्षपदावरून स्वराज्याचे ध्येय उच्चारले. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर आयुष्यभर विसंबलेला माणूस आपल्याच हिशेबाच्या उत्तराशी येऊन पोहोचला होता.

३० जून १९१७ रोजी दादाभाईंचे मुंबईत निधन झाले. भारतातील पहिली सनदी परीक्षा अलाहाबादला १९२२ मध्ये झाली; कॉमन्सच्या ठरावानंतर २९ वर्षांनी. पुढे दिल्लीतही ती होऊ लागली. आज खेड्यातला मुलगा जवळच्या शहरातील केंद्रावर सनदी परीक्षेला बसतो आणि मुलाखतीसाठी राजधानीत येतो. समुद्र न ओलांडता या सेवेत शिरण्याची ही वाट मागणाऱ्याने संसदेत तिच्यासाठी बहुमत मिळविले. ती उघडलेली पाहणे मात्र त्याच्या वाट्याला आले नाही.